वाटणी

चेन्नईच्या मूर मार्केटच्या फलाटावरून उत्तरेकडे जाणारी लोकल गाडी तोंडियारपेट, एन्नोर, मिंजूर, पोन्नेरी अशी स्थानके मागे टाकीत पन्नासेक किलोमीटरवरच्या गुम्मिडिपूंडीला येते. स्थानकावरच्या पाट्या तमिळ, बाजारातले बोलणे निम्मे तेलुगू, कारण आंध्रची सीमा येथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि कारखान्यांच्या वसाहतीतून सायंकाळी बाहेर पडणाऱ्या घोळक्यात बिहारी व ओडिया शब्दही कानावर पडतात. मराठी मात्र मी आणि माझी पत्नी यांच्यापुरतीच. बार्शीच्या एका इतिहासाच्या पदवीधराने छत्तिसाव्या वर्षी येथे केंद्र सरकारची कारकुनी करीत राहावे, यात नियतीचा काही विशेष हेतू असेल असे मला वाटत नाही. बदलीचा हुकूम आला आणि आम्ही आलो, इतकेच.

आमच्या कार्यालयाचे आवार मोठे आहे. एका टोकाला फाटक आणि पहारेकऱ्याची खोली, दुसऱ्या टोकाला कर्मचाऱ्यांची घरे, आणि मध्ये निम्माअधिक पावसाळा पाण्याखाली असणारे मैदान. या सर्व ठिकाणांना जोडणारे सुमारे सत्तर दूरध्वनी आहेत. ते आता तांब्याच्या जुन्या तारांवर चालत नाहीत. संगणकाच्या ज्या जाळ्यावरून पत्रे जातात, त्याच जाळ्यावरून माणसांचा आवाजही जातो, आणि कोणाचा आवाज कोणाकडे न्यावयाचा हे एका कोपऱ्यातल्या खोलीतला सर्व्हर ठरवितो. खिशाखिशांत मोबाईल असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. परंतु ऐप्पसि आणि कार्तिगै या तमिळ महिन्यांत येथे जो पाऊस कोसळतो, त्यात वीज जाते, विजेपाठोपाठ मोबाईलचे मनोरे मुके होतात, आणि तेव्हा आवाराच्या आतला, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हा दूरध्वनी एवढाच काय तो आधार उरतो.

या सर्व्हरवरच्या आज्ञाप्रणालीचे नाव ॲस्टरिस्क, म्हणजे फुली, तारका. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर नावाच्या एका विद्यार्थ्याने १९९९ मध्ये एक लहानसा व्यवसाय काढला. कचेरीसाठी टेलिफोन एक्स्चेंज विकत घ्यावयास पैसे नव्हते. म्हणून त्याने ते स्वतःच लिहून काढले आणि जगाला मोफत वापरावयास दिले. संगणकाच्या भाषेत तारकेचा अर्थ 'काहीही, सर्व काही' असा होतो, त्यावरून हे नाव. आम्हां सरकारी नोकरांना तारकेचा अर्थ निराळा ठाऊक आहे. संसदेत ज्या प्रश्नाला मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यावयाचे असते त्याच्या क्रमांकावर तारका असते, आणि असा तारांकित प्रश्न कार्यालयात आला की त्या दिवशी कोणी वेळेवर जेवत नाही. तेव्हा या यंत्राची जबाबदारी 'याला कॉम्प्युटर कळतो' या एकाच पात्रतेवर माझ्याकडे आली, तेव्हा त्याचे नाव ऐकूनच मी थोडा दचकलो होतो.

दचकण्याचे खरे कारण पुढे समजले. या यंत्राला जे काही सांगावयाचे ते साध्या मजकुराच्या फायलींत लिहून सांगावे लागते. त्यांतली मुख्य फाईल म्हणजे 'एक्स्टेन्शन्स डॉट कॉन्फ'. अमुक क्रमांक फिरविला तर कोणती घंटा वाजवावी, किती वेळ वाजवावी, उत्तर न आल्यास पुढे कोणाकडे जावे, बाहेरचा क्रमांक कोणाला फिरवू द्यावा आणि कोणाला नाही, हे सारे तीत ओळीओळीने लिहिलेले असते. आमची ही फाईल चार हजारांहून अधिक ओळींची झाली होती. आरंभ एका ठेकेदाराच्या माणसाने केला. त्यानंतर माझ्या आधीच्या दोघांनी आपापल्या परीने भर घातली. या भाषेत ओळीत अर्धविराम आला की त्याच्या पुढचे यंत्र वाचत नाही. ते केवळ माणसांसाठी असते. त्या अर्धविरामांच्या आड मागच्या मंडळींनी कितीतरी लिहून ठेवले होते. 'हे तात्पुरते', 'हे का आहे कळत नाही, पण काढू नये', आणि एके ठिकाणी तर 'येथे देवच जाणे'. हिशेब शाखेतला एक क्रमांक बदलावा तर तिसऱ्याच शाखेचा दूरध्वनी बंद पडे, कारण दोघांच्या ओळी एकमेकींत विणल्या गेल्या होत्या. फायलीला हात लावावयाचा झाला की माझ्या पोटात गोळा येई.

कागदाच्या फायलींच्या बाबतीत सरकारने यावर फार पूर्वी उपाय सांगून ठेवला आहे. फाईल ३०० पानांच्या पुढे गेली की ती शिवून तिला 'खंड १' म्हणावे आणि पुढचे कागद 'खंड २' मध्ये लावावे. यंत्राच्या फायलीलाही हाच न्याय का लावू नये, असे माझ्या मनात आले. शोध घेता कळले की, तशी सोय मूळ रचनेतच आहे. मुख्य फायलीत एका विशिष्ट खुणेनंतर 'इन्क्लूड' असा शब्द आणि पुढे दुसऱ्या फायलीचे नाव लिहिले की यंत्र तेथे थांबते, ती दुसरी फाईल उघडून वाचते, आणि पुन्हा मुख्य फायलीकडे वळते. म्हणजे मुख्य फाईल केवळ अनुक्रमणिकेसारखी राहते.

मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला तंजावर आठवले. तेथील बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी दुसरे यांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. दगडावरचा तो मजकूर एकसंध आहे. त्यात मागाहून काही घालता येत नाही, त्यातून काही काढताही येत नाही. आणि त्याच मराठ्यांच्या दरबारातले मोडी कागद मात्र विषयवार बांधून ठेवलेले. हवे ते सोडावे, वाचावे, पुन्हा बांधावे. पुण्याच्या पेशवे दप्तरातही तसेच कापडात बांधलेले रुमाल आहेत. इतिहास दगडावर कोरता येत असेल, पण कारभार रुमालांतच करावा लागतो. आमच्या ठेकेदाराने कारभाराचा शिलालेख करून ठेवला होता, असे माझे मत झाले, आणि त्याचे रुमाल बांधण्याची परवानगी मी साहेबांकडून लेखी घेतली.

या कामाला मी मनातल्या मनात 'वाटणी' म्हणू लागलो. आमच्या बार्शीच्या घराची वाटणी मी लहानपणी पाहिली आहे. आजोबांच्या पश्चात तिघा भावांनी पंचांसमक्ष खोल्या वाटून घेतल्या, भांडी वाटून घेतली, देवघर थोरल्याकडे राहिले. विहीर सामाईक ठेवली. पण विहिरीकडे जाणारी वाट कोणाच्या हिश्शातून जाते हे कागदावर लिहावयाचे राहून गेले, आणि त्या बारा हात वाटेवरून पुढे अकरा वर्षे धाकटे काका आमच्याशी बोलले नाहीत. वाटणीत जे वाटावयाचे असते त्याकडे सर्वांचे लक्ष असते. जे जोडून ठेवावयाचे असते त्याची आठवण कोणाला राहत नाही. हे मला ठाऊक होते, आणि तरीही पुढे जे व्हावयाचे ते झालेच.

तीन आठवडे मी रोज सायंकाळी तासभर बसून ओळी निवडल्या. सर्वांना लागणाऱ्या सामाईक गोष्टी मुख्य फायलीतच ठेवल्या. ती आमची विहीर. बाकीच्या ओळींचे नऊ भाग केले, आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर चौकटी कंसात त्या विभागाचे नाव दिले. येथे एक बारीक गोष्ट शिकावी लागली. या भाषेत 'इन्क्लूड' दोन आहेत. एक फायलींना जोडतो, तो केवळ मजकूर आणून ठेवतो. दुसरा विभागांना जोडतो. फिरविलेला क्रमांक आपल्या विभागात सापडला नाही तर यंत्राने पुढे कोणत्या विभागात शोधावे, आणि कोणत्या क्रमाने, हे तो सांगतो. पहिला चुकला तर कागद हरवतो; दुसरा चुकला तर कागद असूनही माणूस भलत्या दारी जातो. या दुसऱ्याचीच मला धास्ती होती, म्हणून ते सर्व मी चार चार वेळा तपासले. पहिल्याकडे मात्र फारसे पाहिले नाही. नावे लिहावयाची, त्यात काय चुकावयाचे?

आणि त्या नावांतच माझा अभिमान आडवा आला. ठेकेदाराने सर्वत्र इंग्रजी नावे दिली होती. मला वाटले, एवढ्या मोठ्या तमिळ मुलखात, या यंत्राच्या पोटात तरी आपली भाषा असू द्यावी. कोणाला दिसणार आहे? म्हणून नऊ फायलींना मी मराठी नावे दिली: हिशेब, भांडार, वसाहत, पहारा. लिपी अर्थातच रोमन. आता रोमन लिपीत 'पहारा' लिहिताना शेवटी 'ए' हे अक्षर एकदा लिहावे की दोनदा, याचा काही नियम नाही. देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही. रोमनमध्ये मात्र मराठी शब्द ज्याच्या त्याच्या मर्जीने पोशाख करतो. फाईल तयार केली तेव्हा मी एक 'ए' लिहिला होता. आठ दिवसांनी मुख्य फायलीतल्या यादीत तिचे नाव लिहिले तेव्हा दोन लिहिले.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, सायंकाळी साडेपाच वाजता, मी यंत्राला नवी मांडणी वाचावयास सांगितले. मग माझ्या मेजावरून हिशेब शाखेला, भांडाराला, फाटकाला फोन करून पाहिले. सगळीकडे घंटा वाजली. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "विनिपिस्तोंदि सार," म्हणजे ऐकू येते आहे. मी समाधानाने घरी गेलो. पत्नीला म्हणालो, "वाटणी झाली, आणि भांडण नाही." ती म्हणाली, "अहो, भांडणे वाटणीच्या दिवशी होत नाहीत."

वस्तुतः यंत्राने नवी मांडणी वाचलीच नव्हती. दोन 'ए'ची फाईल त्याला सापडेना; आणि ज्या फायलीचे नाव यादीत आहे ती जागेवर नसेल तर ॲस्टरिस्क उरलेल्या आठ फायलीही स्वीकारीत नाही, सबंध मांडणीच नाकारते. तशी एक ओळ त्याने नोंदवहीत लिहून ठेवली होती. ती मी पाहिली नाही. जुनी मांडणी त्याच्या स्मृतीत जिवंत होती, तिच्यावरच ते चालत राहिले, आणि माझ्या सर्व घंटा त्या जुन्या स्मृतीने वाजविल्या.

रात्री नऊ वाजता पावसात वीज गेली. बॅटरी दीड तास पुरली. जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व्हर बंद पडला, आणि अकराच्या सुमारास पुन्हा उठला तेव्हा त्याची स्मृती कोरी होती. त्याने फायली वाचावयास घेतल्या, 'पहारा' सापडला नाही, आणि सर्वच सोडून दिले. आवारातले सत्तरही दूरध्वनी जागे होते, त्यांचे हिरवे दिवे लागले होते. परंतु कोठलाही क्रमांक फिरविला तरी तो कोठेच जात नव्हता.

फाटकाजवळच्या खोपटात आमच्या बागेचे म्हातारे माळी राहतात. सर्वजण त्यांना 'ताता' म्हणतात. तमिळ आणि तेलुगू या दोन्ही भाषांत त्याचा अर्थ आजोबा. साडेअकराच्या सुमारास पाणी खोपटात शिरले म्हणून ते सामान उचलू लागले आणि अंधारात त्यांच्या डाव्या पायाला साप चावला. पहारेकऱ्याने आधी मोबाईल पाहिला. मनोरा मुका होता. मग त्याने रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांचा क्रमांक फिरविला. पुन्हा फिरविला. वसाहतीतल्या आणखी दोन घरांचे क्रमांक फिरविले. शेवटी ताताला बाकावर निजवून तो गुडघाभर पाण्यातून सबंध मैदान ओलांडीत धावत वसाहतीत आला. गाडी निघेपर्यंत अर्धा तास गेला होता.

ताता वाचले. सरकारी रुग्णालयात त्यांना सर्पविषावरची लस टोचली गेली; आठ दिवस ते तेथे होते. डाव्या पायाची करंगळी मात्र काढावी लागली. तो अर्धा तास वाचला असता तर करंगळी वाचली असती का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "सांगता येत नाही." त्या उत्तरापेक्षा 'होय' हे उत्तर मला सोपे गेले असते.

शनिवारी सकाळी सात वाजता मी सर्व्हरच्या खोलीत होतो. नोंदवही उघडताच ती ओळ दिसली: आदल्या दिवसाची तारीख, साडेपाचची वेळ, आणि जी नव्हती त्या फायलीचे नाव. एक अक्षर खोडले, यंत्राला पुन्हा वाचावयास सांगितले, आणि सर्व दूरध्वनी बोलू लागले. दुरुस्तीला एक मिनिट लागले असेल.

दहा वाजता साहेबांनी खुलासा मागितला. दूरध्वनी का बंद होते? कार्यालयात सर्वांनी उत्तर आधीच ठरविलेले होते: वीज गेली, बॅटरी संपली. ते खोटेही नव्हते. या यंत्राची नोंदवही उघडून वाचू शकणारा आवारात माझ्यावाचून दुसरा कोणी नव्हता. पावसावर आणि जनरेटरवर टिपणी लिहून मी सही केली असती, तर ती फाईल दोन दिवसांत बंद झाली असती. मी तसा पहिला परिच्छेद लिहिलाही होता. इंग्रजीतले ते कर्मणी प्रयोग मोठे सोयीचे असतात. वीजपुरवठा खंडित झाला, यंत्रणा बंद पडली, असुविधा झाली. कोणी केले याचा पत्ताच नाही.

मग मला त्या चार हजार ओळींतले अर्धविराम आठवले. 'हे का आहे कळत नाही, पण काढू नये.' हे लिहिणाऱ्याने खरे कारण लिहून ठेवले असते तर मला किती रात्री शांत झोप लागली असती! आता मीही माझ्यामागून येणाऱ्यासाठी तसलेच एक कोडे ठेवून जाणार होतो. बॅटरी बदलली गेली असती, आणि खरा दोष जेथे होता तेथेच राहिला असता. मी तो परिच्छेद फाडला आणि नव्याने लिहिले: मी शुक्रवारी साडेपाच वाजता बदल केला, एका फायलीचे नाव मी चुकीचे लिहिले, नोंदवही मी पाहिली नाही, यंत्र पुन्हा सुरू करून मी पडताळा घेतला नाही. चार वाक्ये, आणि चारही वाक्यांत कर्ता 'मी'. सही करताना हात स्थिर नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

साहेबांनी ते दोनदा वाचले. काही वेळ बोलले नाहीत. मग समासात लिहिले की, यापुढे असा बदल दोघांच्या उपस्थितीत आणि दिवसाउजेडी व्हावा, आणि मला लेखी समज दिली. ती माझ्या सेवापुस्तिकेत नाही, पण फायलीत आहे, आणि असावी असेच मला वाटते. काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले नाही. "ज्याला दोष कोठे आहे हे ठाऊक आहे, त्यालाच ते ठेवू या," एवढेच ते म्हणाले.

या प्रकरणात एका गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. ॲस्टरिस्कमध्ये 'इन्क्लूड'चा एक सौम्य प्रकार आहे, 'ट्राय-इन्क्लूड'. त्यात फाईल सापडली नाही तर यंत्र हट्ट धरीत नाही. सापडेल ते वाचून पुढे चालते. तो वापरला असता तर त्या रात्री सत्तरांपैकी बहुतेक दूरध्वनी चालू राहिले असते. पहिल्या क्षणी मला तोच उपाय दिसला. पण नंतर ध्यानात आले की, जो विभाग हरवला होता तो पहाऱ्याचाच. हिशेब शाखा बोलली असती, भांडार बोलले असते, आणि मुकी राहिली असती ती केवळ फाटकावरची खोली. ते कदाचित महिनाभर कोणाच्या लक्षातही आले नसते. सर्वांनी एकदम मुके व्हावे यापेक्षा एका गरिबाने एकट्याने मुके राहावे, हा सौम्यपणा मला पटला नाही. मी कठोर 'इन्क्लूड'च ठेवला. मात्र आता बदल केला की मी भर दुपारी, सर्व जागे असताना, यंत्र मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करतो. जुन्या स्मृतीवर विसंबून राहत नाही.

फायलींची मराठी नावे मी काढून टाकली. माझ्यामागून येथे येणारा तमिळ असेल, तेलुगू असेल. त्याला 'पहारा' कसा कळावा? आता ती फाईल 'गेट' आहे, 'भांडार' हे 'स्टोअर' आहे. मन थोडे दुखले. परंतु भाषेवरचे प्रेम दुसऱ्याला न कळणाऱ्या जागी लपवून ठेवण्यात प्रेमापेक्षा कुरवाळणेच अधिक होते, हे मला मान्य करावे लागले. मराठी लिहावयाची तर ती वाचणारे कोणी असेल तेथे लिहावी, आणि म्हणून हा लेख या मासिकाकडे पाठवीत आहे. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर अर्धविराम देऊन मी साध्या इंग्रजीत लिहिले आहे: ही फाईल कशासाठी, कोणाची, कोणत्या दिवशी कोणी बदलली आणि का. 'गेट'च्या माथ्यावर त्या शुक्रवारची हकिगतही चार ओळींत आहे.

ताता पुन्हा कामावर येतात. किंचित लंगडत चालतात. त्यांना मी सारे सांगितले, पहारेकऱ्याला दुभाषी करून. यंत्र, फायली, एक अक्षर. त्यांना त्यातले किती समजले कोण जाणे. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "सापाला कोणी सांगितले होते का, आज फोन बंद आहे म्हणून?" आणि हसून पुन्हा अबोलीच्या वाफ्याकडे वळले. ही क्षमा होती की नुसता विनोद, ते मी त्यांना विचारले नाही.

आता रोज सायंकाळी सहा वाजता, घरी निघण्यापूर्वी, मी फाटकाचा क्रमांक फिरवितो. पहारेकरी बदलत असतात. कधी तमिळ, कधी तेलुगू. घंटा दोनदा वाजते. पलीकडून आवाज येतो, "विनिपिस्तोंदि सार." मग मी खोलीला कुलूप लावतो.